नान्सीचा प्लास स्तानिस्लास : दोन गावांच्या मधला चौक

रेखांश

पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून सुटणारी जलद गाडी साधारण दीड तासात नान्सीला पोहोचते. लोरेन प्रांताच्या या जुन्या राजधानीत मी नोकरीनिमित्त दोन वर्षे राहिलो. तिथल्या ज्या चौकातून माझे रोज येणे-जाणे होई, त्या प्लास स्तानिस्लासविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. बहुतेक प्रवासी कोपऱ्यांतल्या सोनेरी जाळ्यांची छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. जाळ्या सुंदर आहेतच, परंतु त्या नेमक्या तिथेच का आहेत हे उमगले की सगळा चौक निराळा दिसू लागतो. या चौकातली जवळजवळ प्रत्येक देखणी गोष्ट हा कुठल्या ना कुठल्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, असे माझे मत आहे, आणि तेच पटवून देण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिली अडचण खुद्द बांधणाऱ्याचीच होती. स्तानिस्लास लेश्चिन्स्की हा पोलंडच्या गादीवर दोनदा बसलेला आणि दोन्ही वेळा ती गमावलेला राजा. त्याची मुलगी मारी हिचा विवाह 1725 मध्ये फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्याशी झाला होता. पोलंडच्या वारसाहक्काचे युद्ध मिटवताना युरोपातल्या सत्तांनी जी देवाणघेवाण केली, तीत लोरेनचा वंशपरंपरागत ड्यूक फ्रान्झ स्टेफान याला इटलीतले तोस्काना देण्यात आले आणि लोरेन व बार ही संस्थाने स्तानिस्लासला केवळ हयातीपुरती मिळाली. त्याच्या मागे ती फ्रान्सच्या राज्यात विलीन व्हायची, हे आधीच ठरले होते. शिवाय 1736 च्या एका करारान्वये त्याने महसूल आणि कारभार दोन्ही फ्रान्सच्या हाती सोपवले व त्या बदल्यात वार्षिक तनखा स्वीकारला. प्रत्यक्ष राज्यकारभार फ्रान्सने नेमलेला दिवाण ला गालेझिएर पाहत असे. सैन्य नाही, करवसुली नाही आणि गादीला वारसही नाही, अशा राजाच्या हाती बांधकाम तेवढे उरले होते आणि ते त्याने मनापासून केले.

दुसरी अडचण शहराच्या रचनेची होती. नान्सी हे एक गाव नव्हतेच, ती शेजारी शेजारी वसलेली दोन गावे होती. उत्तरेला मध्ययुगीन जुने गाव, वाकड्यातिकड्या गल्ल्यांचे. दक्षिणेला ड्यूक तिसरा शार्ल याने 1588 पासून वसवलेले नवे गाव, काटकोनात आखलेल्या सरळ रस्त्यांचे. दोन्हींच्या मध्ये तटबंदी, बुरूज, खंदक आणि मोकळे रान. ही दोन गावे जिथे जोडली जातील तिथेच जावयाच्या नावाने राजचौक बांधायचा असे स्तानिस्लासने ठरवले आणि हे काम त्याने आपला वास्तुकार एमान्युएल एरे याच्याकडे दिले. एरे हा 1705 साली नान्सीतच जन्मलेला. मार्च 1752 मध्ये पायाभरणी झाली आणि 26 नोव्हेंबर 1755 रोजी मधोमध पंधराव्या लुईचा ब्राँझचा पुतळा उभारून चौकाचे उद्घाटन झाले. एवढ्या मोठ्या कामाला चार वर्षेही लागली नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

चौक सुमारे 125 मीटर लांब आणि 106 मीटर रुंद आहे. दक्षिणेची संपूर्ण बाजू नगरपालिकेच्या एकाच इमारतीने व्यापली असून तिची दर्शनी भिंत 98 मीटर लांबीची आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला दोन-दोन स्वतंत्र इमारती आहेत. या सगळ्यांचा चेहरा एकच : तळमजल्यावर कमानी, त्यांच्यावर दोन मजले कवेत घेणारे, भिंतीतून किंचित पुढे आलेले चपटे स्तंभ, त्यांच्या माथ्यावर कोरिंथियन पानांचे नक्षीकाम आणि सर्वांत वर छपराला झाकणारा दगडी कठडा. त्या कठड्यावर ठरावीक अंतराने दगडी कलश आणि बालमूर्ती बसवल्या आहेत.

उत्तरेकडे वळलो की मात्र नजर एकदम खाली येते. तिथल्या इमारती बसक्या, एकाच मजल्याच्या आहेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, आकाश मोकळे दिसावे म्हणून एरेने ही रचना केली असावी. खरे कारण लष्करी आहे. त्या बाजूला जुन्या गावाचे वोदेमाँ आणि ओसाँव्हिल हे दोन बुरूज होते. तटबंदी पाडून टाकावी अशी स्तानिस्लासची इच्छा होती, परंतु फ्रान्सच्या बाजूने या भागाची लष्करी जबाबदारी सांभाळणारा मार्शल बेलील याने तिला ठाम विरोध केला. बुरुजांवरच्या तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको, म्हणून समोर उंच इमारत बांधता येत नव्हती. एरेने ही अट मान्य केली आणि तिचाच लाभ उठवला. बसक्या इमारतींच्या मधून एक छोटा रस्ता काढून त्याच्या टोकाशी, जुन्या तटाच्या जागी, त्याने रोममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीच्या धर्तीवर तीन दारांची विजयकमान उभारली. पुढच्या इमारती ठेंगण्या असल्यामुळेच ती कमान नगरपालिकेच्या पायरीवरून पूर्ण दिसते. त्या कमानीतून नजर पुढे प्लास द ला कारियेर या लांबट चौकातून थेट राज्यपालाच्या वाड्यापर्यंत जाते. एकूण अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरते.

जाळ्यांविषयी पुढच्या प्रतिसादात लिहितो, कारण तो विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही.

ओवरी

रेखांश, उत्तरेच्या बसक्या इमारतींचे कारण वाचून फार समाधान झाले. आम्ही 2017 मध्ये तिथे गेलो होतो तेव्हा त्याच इमारतींतल्या एका कॉफीगृहात बसलो होतो, आणि या एवढ्या खुज्या का, असे यजमानांना विचारलेही होते. त्यांना उत्तर देता आले नव्हते.

दोन शंका आहेत. चौकाच्या नावात स्तानिस्लास आहे आणि मधला पुतळाही त्याचाच आहे, मग लुईचा पुतळा कुठे गेला? आणि ज्याच्या हाती सत्ताच नव्हती त्याने सगळा थाट जावयाच्या नावाने का केला असावा?

रेखांश

ओवरीताई, लुईचा पुतळा राज्यक्रांतीच्या काळात, 1792 मध्ये, हटवून नष्ट करण्यात आला. बार्तेलेमी गिबाल आणि पोल-लुई सिफ्ले या शिल्पकारांनी तो घडवला होता. पुढची जवळजवळ चार दशके चौकाची नावे राजवटीप्रमाणे बदलत राहिली. आज उभा असलेला पुतळा 1831 मधला, जॉर्ज जाको याने केलेला आहे. चौकाला आजचे नावही तेव्हाच मिळाले. चौथऱ्यावरच्या लेखाचा आशय ‘परोपकारी स्तानिस्लास यांस, कृतज्ञ लोरेन’ असा असून खाली मर्थ, मझ आणि व्होज या तीन जिल्ह्यांची नावे आहेत. पुतळ्याचे तोंड कमानीकडे आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर फ्रान्समधल्या राजचौकांच्या परंपरेत आहे. मध्यभागी राजाचा पुतळा आणि भोवती एकाच धाटणीच्या इमारती हा प्रकार पॅरिसमध्ये सतराव्या शतकापासून रूढ झाला होता. प्लास दे व्होज 1612 मधला आहे, आणि पुढे चौदाव्या लुईच्या काळात प्लास व्हाँदोम झाला. म्हणजे स्तानिस्लासने मांडणी नवी काढली नाही. परंतु पॅरिसचे चौक राजाच्या राज्यात बांधलेले होते, तर नान्सीचा चौक अशा राज्यात बांधला गेला जे अजून राजाचे झालेले नव्हते, फक्त होणार होते. लोरेनच्या लोकांना आपला जुना ड्यूक हवा होता. परका पोलिश राजा आणि त्याच्या पाठीमागून येणारा फ्रेंच राजा या दोघांचे त्यांना कौतुक नव्हते. चौक म्हणजे त्या विलीनीकरणाची पूर्वतयारी होती. विजयकमानीवर लुईची प्रतिमा आहे आणि शिल्पांत युद्ध व शांतता हे दोन्ही विषय आले आहेत.

उत्तरपेठ

आपण शेवटच्या परिच्छेदात जे लिहिले आहे ते मला अधिक स्पष्ट शब्दांत लिहावेसे वाटते. एका प्रदेशाचे स्वातंत्र्य संपत असताना त्याच्या राजधानीत पुढच्या मालकाचा पुतळा बसवणे हा राजकीय प्रचार होता. त्या तटबंदीच्या अटीतही हेच दिसते : स्वतःच्या राजधानीतली भिंत पाडण्याची मुभादेखील राजाला नव्हती. वास्तूचे सौंदर्य मान्य करून हे म्हणतो, की कौतुक करताना ज्यांच्या जमिनीवर हा सोहळा झाला त्या लोरेनच्या माणसांकडेही पाहिले पाहिजे. ‘कृतज्ञ लोरेन’ हे शब्द कोरले जायला स्तानिस्लासच्या मृत्यूनंतर 65 वर्षे जावी लागली, यालाही काही अर्थ आहे.

रेखांश

उत्तरपेठ, आपला मुद्दा रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. एक घटना सांगतो, तीत हा सगळा गुंता एकत्र आलेला दिसतो. 1770 मध्ये ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत लग्नासाठी फ्रान्सला जाताना नान्सीत उतरली होती. नगरपालिकेच्या शेजारच्या इमारतीतल्या हॉटेलाचे ‘राणीचे हॉटेल’ हे नाव तिच्यावरूनच पडले. ही मुलगी कोणाची, तर ज्याला लोरेन सोडावे लागले त्या फ्रान्झ स्टेफानची. आणि ती ज्याच्याशी लग्न करायला निघाली होती तो भावी सोळावा लुई कोण, तर स्तानिस्लासचा पणतू. बापाच्या गमावलेल्या राजधानीतून, तिथे येऊन बसलेल्याच्या पणतवाशी लग्न करायला मुलगी निघाली होती. स्तानिस्लास तोवर हयात नव्हता. 5 फेब्रुवारी 1766 रोजी ल्युनेव्हिलच्या वाड्यात शेकोटीजवळ असताना त्याच्या झग्याने पेट घेतला आणि 23 तारखेला, वयाच्या 88 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच दिवशी लोरेनचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

तरीही मी चौकाला केवळ प्रचार म्हणणार नाही. पुतळा प्रचारासाठी होता, आणि तो गेला. वैद्यकाचे विद्यालय, नगरपालिका, रस्ते आणि दोन गावांना जोडणारी वाट गावाला मिळाली, आणि ती राहिली.

घणऐरण

नमस्कार. आमचे घराणे पिढीजात लोहारकामाचे आहे. वडिलांनी कराडजवळ शेतीची अवजारे आणि बैलगाडीच्या धावा केल्या, मी स्वतः गेली वीस वर्षे जिन्याचे कठडे आणि फाटके करतो. या जाळ्यांची छायाचित्रे मी मोठी करून पाहिली आहेत, परंतु छायाचित्रावरून सगळे कळत नाही. त्या बिडाच्या ओतीव आहेत की घडीव? आणि पाने, फुले, कोंबडे वगैरे जे दिसते ते सांगाड्यातूनच काढले आहे की वेगळे करून बसवले आहे? आपण प्रत्यक्ष पाहिले असेल तर बारकाईने सांगावे.

रेखांश

आपल्यासारख्या कारागिराने विचारावे याचाच आनंद झाला. जाळ्या पूर्णपणे घडीव आहेत. त्या ज्याँ लामूर या नान्सीच्या लोहाराने केल्या. त्याचा जन्म 1698 मधला आणि मृत्यू 1771 मधला. फ्रेंच भाषेत त्याच्या पेशाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘कुलूप करणारा’ असा होतो, आणि तो राजाचा अधिकृत कुलूपकार होता.

आता आपण विचारलेल्या बारकाव्यांकडे येतो. नोव्हेंबरच्या एका धुकेजल्या सकाळी चौकात कोणीच नव्हते तेव्हा मी कारंज्याच्या बाजूच्या जाळीपाशी बराच वेळ उभा होतो. मुख्य सांगाडा चौकोनी गजांचा आहे. गज तापवून वळवलेले असून प्रत्येक वेलांटी टोकाकडे निमुळती होत आत गुंडाळत जाते, आणि जाडी कमी होत जाण्याचा तो वेग दोन वेलांट्यांत तंतोतंत सारखा नाही. ओतकामात असा फरक पडला नसता. पाने मात्र स्वतंत्र आहेत. पातळ लोखंडी पत्र्याला मागून ठोकून उठाव दिलेला आहे, पानाच्या शिरा त्यात उमटवल्या आहेत, आणि मग ते पान गजावर रिपिटाने बसवले आहे. एका पानाची कड किंचित उचललेली होती, तिच्याखाली धुक्याचे पाणी साचून थेंब लोंबत होता आणि आतला काळा गज दिसत होता. सोनेरी मुलामा फक्त या पानांवर, फुलांवर, मुकुटांवर आणि अशाच उठावाच्या भागांवर आहे. गज काळेच ठेवले आहेत. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला सांगाडा पुसट होतो आणि सोने हवेत तरंगल्यासारखे दिसते.

आता या जाळ्या कोपऱ्यांतच का, ते सांगतो. पॅरिसचा प्लास दे व्होज चारही बाजूंनी इमारतींनी बंद आहे. नान्सीत कोपरे उघडे ठेवणे भाग होते, कारण इमारती सुट्या आहेत आणि दक्षिणेचे दोन कोपरे नव्या गावाच्या रस्त्यांत उघडतात. उघडा कोपरा म्हणजे चौकाला पडलेले भगदाड. भिंत घातली तर वाट अडते आणि तसेच सोडले तर चौकाचा आकारच विस्कटतो. लामूरच्या जाळ्यांनी हा पेच सोडवला. दक्षिणेकडे त्या केवळ दरवाजाच्या रूपात आहेत आणि त्यांच्यातून रस्ता जातो. उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत त्या तीन कमानींच्या भव्य पडद्यासारख्या उभ्या असून त्यांच्या पुढ्यात गिबालची कारंजी आहेत, एकात समुद्रदेव नेपच्यून आणि दुसऱ्यात त्याची पत्नी अँफिट्राइटी. या मूर्ती शिशाच्या आहेत. पलीकडची झाडे जाळीतून दिसत राहतात, तरी चौक इथे संपला हे डोळ्याला कळते.

घणऐरण

मनापासून आभार. पानाची कड उचललेली होती हे वाचून सगळी रीत डोळ्यांपुढे आली. आमच्याकडेही पत्र्याचे पान करायचे तर आधी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून मागून ठोकतात, म्हणजे पत्रा फाटत नाही. वेलांटी निमुळती करायला गज प्रत्येक वेळी भट्टीत घालावा लागतो. एका मोठ्या वेलांटीला दहा-बारा वेळा सहज तापवावे लागत असणार. आज गिऱ्हाईक मागते ते लेसरने कापलेले पान, सपाट. चार वर्षांच्या आत एवढे काम उभे करायचे तर लामूरच्या भट्टीवर किती हात राबत असतील याचा विचार करतो आहे. नाव एकाचे राहिले, पण घण मारणारा आणि भाता ओढणारा तिथेही कोणीतरी होताच.

सांजवात

अतिशय वाचनीय धागा. मुंबईचे हॉर्निमन सर्कल इथे आठवणे अपरिहार्य आहे. तेही वेगवेगळ्या मालकांच्या इमारतींना एकच दर्शनी चेहरा देऊन 1860 च्या दशकात आखले गेले, आणि त्याच्याही तळमजल्याला कमानींची ओळ आहे. नान्सीत इमारतींच्या आतले काय? एकसारख्या दर्शनी भिंतींमागे घरेही एकसारखीच होती का?

रेखांश

नाही, आणि हीच या प्रकारच्या चौकांची गंमत आहे. चेहरा ठरलेला, पोट ज्याचे त्याचे. आताचे राणीचे हॉटेल म्हणजे स्तानिस्लासचा कारभारी आलियो याचा वाडा. दुसरीकडे वैद्यकाचे विद्यालय होते, तिथे आज ललित कला संग्रहालय आहे. तिसऱ्या इमारतीत बिशपचे निवासस्थान होते. 1906 मध्ये गावाचे जुने नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा नवे नाट्यगृह त्या बिशपच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीमागे बांधण्यात आले आणि 1919 मध्ये ते सुरू झाले. एरेची भिंत जागच्या जागी राहिली, मागे संगीतिकेचा रंगमंच आला.

याच रीतीचे त्याहून नाजूक उदाहरण कमानीपलीकडे कारियेरमध्ये आहे. तिथे एरेचे गुरू जेर्मँ बोफ्राँ यांनी बांधलेला बोव्हो-क्राँ घराण्याचा वाडा आधीपासून होता. एरेने समोरच्या बाजूला त्याची हुबेहूब जोड इमारत बांधली आणि चौकाचा तोल साधला. गुरूच्या वास्तूला धक्का न लावता तिलाच आराखड्याचा आधार करणे, याला मी मोठेपणा म्हणतो.

नगरपालिकेत प्रवेश मिळाला तर जिना अवश्य पाहावा. कठडा लामूरचा आहे आणि भिंतींवर रंगवलेल्या आभासी स्तंभांमुळे दालन आहे त्याहून खोल वाटते.

ओवरी

आम्ही गेलो तेव्हा चौकात एकही वाहन नव्हते. पहिल्यापासून तसेच आहे का?

रेखांश

तसे नव्हते. विसाव्या शतकात या चौकात मोटारी उभ्या राहत आणि वाहतूकही जात असे. 1983 मध्ये प्लास स्तानिस्लास, कारियेर आणि त्यांच्या शेजारचा प्लास दालियाँस हे तिन्ही चौक मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अजिंठा आणि वेरूळ त्याच वर्षी त्याच यादीत आले, हे मराठी वाचकांना ठाऊक असावे. वाहने मात्र त्यानंतरही बरीच वर्षे होती. 2005 मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण होणार म्हणून मोठे जीर्णोद्धाराचे काम निघाले, जाळ्यांवर नव्याने सोने चढवले गेले, आणि फिकट रंगाची दगडी फरसबंदी अठराव्या शतकातल्या आराखड्याप्रमाणे पुन्हा घातली गेली. तिच्यात गडद दगडाचे तिरपे पट्टे आहेत आणि ते मधल्या पुतळ्यापाशी एकमेकांना छेदतात. तेव्हापासून चौक केवळ पायी चालणाऱ्यांचा आहे.

उत्तरपेठ

धागा वाचून पुढच्या वर्षीच्या प्रवासात नान्सीसाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत. ज्या बुरुजांमुळे उत्तरेची बाजू बसकी राहिली त्यांचे आज काही शिल्लक आहे का? असल्यास तेच आधी पाहायला आवडेल.

रेखांश

जरूर पाहा. त्यासाठी ललित कला संग्रहालयाच्या तळघरात उतरावे लागेल. 1999 मध्ये संग्रहालयाचा विस्तार झाला तेव्हा जुन्या तटबंदीचे अवशेष तळघरात जतन करण्यात आले, आणि दोम घराण्याच्या कारखान्यातली रंगीत काचपात्रे आज त्याच दगडी भिंतींच्या सान्निध्यात मांडलेली आहेत. प्रकाश मंद ठेवलेला असतो. काचेच्या हिरव्या-जांभळ्या छटा पाहत चालताना बाजूला अचानक खडबडीत, घडीव दगडांची वळणारी भिंत लागते. तिच्यापाशी थोडा वेळ थांबा, मग वर येऊन नगरपालिकेच्या पायरीवर उभे राहा आणि कमानीकडे पाहा. शक्यतो सकाळी लवकर जा, कारण ऊन तिरपे असते तेव्हा जाळ्यांच्या सावल्या फरशीवर पडतात आणि लामूरची प्रत्येक वेलांटी पायाखाली पुन्हा एकदा दिसते.